स्वस्त, पण भरवशाचा: साध्या संगणकासाठी एसएमपीएस निवडताना

संगणक घ्यायचा ठरला की घरात चर्चा सुरू होते ती प्रोसेसरची. रॅम आठ जीबीची पुरेल की सोळा, हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी, मॉनिटर किती इंचांचा असावा, यावर शेजारीपाजारी, नातेवाईक आणि महाविद्यालयात जाणारी मुले हिरिरीने मते मांडतात. या साऱ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचे नाव मात्र त्या चर्चेत क्वचितच निघते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असेंबल केलेल्या संगणकाचे कोटेशन घेतले, तर त्यात अनेकदा ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढी एकच ओळ असते. कॅबिनेटबरोबर आलेला हा डबा जणू फुकटच मिळाला, असा ग्राहकाचा समज होतो आणि त्याविषयी अधिक विचारावे, असे त्याला वाटत नाही.

वास्तविक संगणकातील प्रत्येक भाग या डब्याच्या तारांना जोडलेला असतो. प्रोसेसर बिघडला तर प्रोसेसर बदलता येतो. एसएमपीएस वाईट रीतीने बिघडला तर तो जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेऊ शकतो. मदरबोर्डची किंमत पैशांत मोजता येते. पण हार्ड डिस्कवरची मुलांची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब किंवा विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प पैसे मोजूनही परत मिळेलच असे नाही. त्यामुळे कमी खर्चात संगणक जुळवतानाही एसएमपीएस कुठला घ्यायचा, हा प्रश्न दुकानदारावर सोडून देण्यासारखा नाही.

भिंतीतली वीज आणि संगणकातली वीज

घरातल्या सॉकेटमध्ये येणारी वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती असते. सेकंदाला ५० वेळा तिचे आवर्तन पूर्ण होते. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा कमी दाबाची एकदिश वीज लागते. हे रूपांतर करणारे साधन म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, अर्थात एसएमपीएस. आत शिरलेली वीज प्रथम सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलली जाते. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवली जाते आणि शेवटी गाळून, स्थिर करून बाहेर काढली जाते. इतक्या वेगाने चालू-बंद होत असल्यामुळेच ट्रान्सफॉर्मर लहान ठेवता येतो; अन्यथा तेवढ्याच शक्तीचा जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय कितीतरी जड झाला असता.

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आणलेल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमधील पॉवर सप्लाय अवघ्या ६३.५ वॅटचा होता. इंटेलने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे मानक मांडले आणि आजही साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा त्याच घराण्यातील एसएमपीएस बसतो. मधल्या काळात एक मोठा बदल झाला. पूर्वी प्रोसेसरला लागणारी वीज प्रामुख्याने ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांतून घेतली जाई. २००० साली पेंटियम ४ आला आणि हा भार १२ व्होल्टकडे वळला. आता मदरबोर्ड १२ व्होल्टची वीज घेऊन ती प्रोसेसरजवळ एक व्होल्टच्या आसपास उतरवतो. ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कची मोटरही १२ व्होल्टवरच चालते. एसएमपीएस पारखताना हा बदल ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

खरोखर किती वॅट लागतात?

‘जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला’ असा समज बाजारात रूढ आहे. तो बाजूला ठेवून थोडी बेरीज करून पाहावी. इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि चित्रपट पाहणे एवढ्यासाठी घेतलेल्या संगणकात साधारणपणे ६५ वॅट वर्गातील, ग्राफिक्स अंगभूत असलेला प्रोसेसर असतो. पूर्ण जोर लावला तर तो काही काळ ९० वॅटपर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्डला ३० वॅट, रॅमच्या दोन पट्ट्यांना ८, एसएसडीला ५, हार्ड डिस्कला ८ आणि पंखे, कीबोर्ड, माउस व पेनड्राइव्ह यांना मिळून १५ वॅट धरले, तर बेरीज १५६ वॅट होते. हार्ड डिस्क सुरू होताना काही सेकंद २० ते २५ वॅट घेते. पण त्या वेळी प्रोसेसर सहसा पूर्ण जोरात नसतो. नुसते वाचन-लेखन चालू असताना तर असा संगणक बहुतेक वेळ ३० ते ५० वॅटवरच चालतो.

याचा अर्थ असा की प्रामाणिक ३०० वॅटचा एसएमपीएसही अशा संगणकाला पुरून उरेल. पुढे एखादे छोटे ग्राफिक्स कार्ड बसवायचे झाले, तरी वेगळी तार न लागणारे कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून अधिकाधिक ७५ वॅट घेते. म्हणजे एकूण मागणी २३० वॅटच्या आसपास राहते. चांगल्या कंपन्यांचे एसएमपीएस बाजारात बहुधा ४०० ते ४५० वॅटपासून सहज मिळतात. साध्या संगणकासाठी त्याच्या वर जाण्याचे कारण नाही. ६५० किंवा ७५० वॅटसाठी मोजलेले जादा पैसे येथे वायाच जातात. तेच पैसे कमी वॅटच्या, पण अधिक दर्जेदार एसएमपीएसवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

लेबल वाचण्याची कला

अडचण अशी की खोक्यावरचा आकडा नेहमीच खरा असतो असे नाही. अतिशय स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ लिहिलेले असते. पण नीट पाहिले तर त्यापुढे वॅट हा शब्दच नसतो. तो निव्वळ मॉडेलचा क्रमांक असतो. म्हणून खोक्याऐवजी डब्याच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचावा. त्यात प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअरचा आकडा असतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट, एवढे शालेय गणित येथे पुरते.

समजा, ‘४५०’ असे नाव असलेल्या एका डब्यावर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले आहे. गुणाकार होतो १६८ वॅट. आजच्या संगणकाचा बहुतांश भार १२ व्होल्टवर असतो, त्यामुळे व्यवहारात हा डबा पावणेदोनशे वॅटच्या आतलाच समजावा. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवलेली असते. याउलट ४५० वॅटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक आकडा आढळतो; म्हणजे किमान ३६० वॅट. एकूण वॅटपैकी निदान ८० टक्के वॅट १२ व्होल्टवर उपलब्ध असावेत, ही कसोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज न करता दोन्ही मिळून अधिकाधिक किती वॅट, हे खाली दिलेले असते ते पाहावे.

लेबल खरे बोलते की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या पडताळता येत नाही. तरीही काही खुणा उपयोगी पडतात. मागील बाजूस ११५ आणि २३० अशी निवड करणारे छोटे लाल बटण असेल, तर त्या डब्याची रचना जुनी आहे असे समजावे. शिवाय ते बटण चुकून ११५ वर सरकले, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर संगणक सुरू करताच स्फोटासारखा आवाज होऊन एसएमपीएस निकामी होतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या एसएमपीएसला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणीही लागू आहे. नोंदणीच्या चिन्हाखालचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे. वॅटच्या दाव्याची हमी तिच्यातून मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

किंमत कमी होते ती कशामुळे?

कॅबिनेटबरोबर येणारा किंवा पाचशे-आठशे रुपयांना सुटा मिळणारा एसएमपीएस आणि साधारण दोन ते तीन हजारांना मिळणारा नामांकित एसएमपीएस बाहेरून सारखेच दिसतात. फरक आत असतो. स्वस्त डब्यात प्रथम कात्री लागते ती प्रवेशद्वारावरच्या गाळणीला. विजेच्या तारांमधून येणारा गोंगाट आणि क्षणिक उसळी अडवणारे भाग बसवण्यासाठी सर्किट बोर्डवर जागा सोडलेली असते. पण भाग बसवलेलेच नसतात. त्यानंतर कपॅसिटर लहान केले जातात, किंवा १०५ अंश सेल्सिअसऐवजी ८५ अंशांसाठी बनवलेले वापरले जातात. या प्रकारच्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. बंद खोलीत, टेबलाखालच्या कप्प्यात, विदर्भातल्या मे महिन्यात चालणाऱ्या संगणकासाठी हा फरक मोठा ठरतो.

सर्वांत महत्त्वाची काटछाट होते ती संरक्षणात. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज वाढले, प्रवाह मर्यादेबाहेर गेला, शॉर्ट सर्किट झाले किंवा भार झेपेनासा झाला, तर तो स्वतःला बंद करून घेतो. असे संरक्षण नसेल तर बिघाडाच्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेवर नको तेवढा दाब येऊ शकतो आणि तो थेट हार्ड डिस्क व मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहिली पाहिजे. भार वाढताच ही मर्यादा ओलांडणारे डबे लगेच जळत नाहीत. ते संगणकाला हळूहळू त्रास देतात. काम करता करता संगणक आपोआप रीस्टार्ट होणे, हार्ड डिस्क मधूनच अदृश्य होणे, पेनड्राइव्ह वारंवार तुटणे, अशा तक्रारींचे खापर बहुधा व्हायरसवर किंवा विंडोजवर फुटते. विंडोज दोनदा नव्याने टाकूनही तक्रार कायम असेल, तर एसएमपीएस बदलून पाहणे योग्य.

हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरतो का, हे पाहण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे. त्यातून एसएमपीएस जिवंत आहे एवढेच कळते. भार पेलण्याची त्याची क्षमता कळत नाही. डबा उघडून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही काळ साठून राहू शकते.

वीजबिलाचा हिशेब

एसएमपीएस जेवढी वीज भिंतीतून घेतो तेवढी सगळी संगणकाला देत नाही. काही उष्णतेत वाया जाते. दिलेल्या आणि घेतलेल्या विजेचे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेली ‘८० प्लस’ ही प्रमाणपत्र योजना हेच मोजते. तिच्या ब्राँझ श्रेणीसाठी ११५ व्होल्टवरील चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता असावी लागते.

घरगुती हिशेब असा मांडता येईल. संगणकाच्या भागांना ६० वॅट लागत आहेत. ७० टक्के कार्यक्षमतेचा डबा त्यासाठी भिंतीतून सुमारे ८६ वॅट घेईल, तर ८५ टक्क्यांचा डबा सुमारे ७१. फरक १५ वॅटचा. छोट्या कार्यालयात रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस संगणक चालला तर वर्षाला ३६ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर ३६० रुपये झाले. म्हणजे दीड हजार रुपये जास्त दिलेला एसएमपीएस चार-सव्वाचार वर्षांत विजेतच आपली किंमत भरून काढतो. घरी दिवसाकाठी दोनच तास संगणक वापरणाऱ्याची बचत अर्थातच फार कमी होईल. त्याच्यासाठी कार्यक्षमतेपेक्षा संरक्षण हेच खरे कारण. याच न्यायाने साध्या संगणकासाठी गोल्ड किंवा प्लॅटिनम श्रेणीच्या मागे लागण्याची गरज नाही. पहिली श्रेणी किंवा ब्राँझ पुरेशी आहे. ८० प्लसची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते आणि ती संरक्षणाची परीक्षा घेत नाही. त्यामुळे प्रमाणपत्राला एक चांगली खूण मानावे, संपूर्ण हमी नव्हे.

अर्थिंग आणि यूपीएस

उत्तम एसएमपीएस आणला आणि घरात अर्थिंगच नसेल तर त्याचा निम्मा उपयोग गेला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येणे किंवा टेस्टर लावल्यावर त्यातला दिवा मंद पेटणे, हा अनुभव अनेक घरांत येतो. यात एसएमपीएस सदोष असतोच असे नाही. गाळणीतील दोन कपॅसिटरांचा मधला बिंदू पत्र्याला जोडलेला असतो आणि तेथून अर्थिंगकडे जाण्याची वाट असते. ती वाट बंद असेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याएवढे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसू लागतात. प्रवाह अत्यल्प असतो. पण गाळणी आणि संरक्षण यांचे काम अपुरे राहते. खुद्द एसएमपीएसमध्येच दोष निर्माण झाला तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्याच्या खटपटी करण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

वीज जाण्या-येण्याच्या त्रासामुळे अनेकांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी क्षमता बहुधा ३६० वॅट असते आणि साधा संगणक व मॉनिटर यांना ती पुरते. तरीही वीज जाताच संगणक रीस्टार्ट होतो, अशी तक्रार ऐकू येते. बॅटरी जुनी झालेली असणे हे त्याचे एक कारण. दुसरे कारण एसएमपीएसमध्ये असू शकते. वीज गेल्यापासून यूपीएसने भार उचलेपर्यंत काही मिलिसेकंदांचा खंड पडतो. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे एसएमपीएसने साठवलेल्या विजेवर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरायला हवा. आतला कपॅसिटर लहान असेल तर तो तेवढा टिकत नाही. अशा वेळी नवा यूपीएस घेण्यापूर्वी एसएमपीएस बदलून पाहणे स्वस्त पडते. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी त्यावर ‘यूपीएस मोड’ची सोय असल्यास ती चालू ठेवावी, साध्या मोडमध्ये हा खंड अधिक लांबतो.

दुकानात जाण्यापूर्वी

खरेदीपूर्वी स्वतःच्या संगणकाची थोडी माहिती लिहून न्यावी. काही तयार, ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा आकार किंवा जोडणी कंपनीची स्वतःची असते. तेथे बाजारातला एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. साधा एटीएक्स १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. मदरबोर्डसाठी २४ पिनांची मुख्य जोडणी, प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी आणि डिस्कसाठी किमान दोन ‘साटा’ जोडण्या आहेत ना, हे पाहावे. महागड्या ग्राफिक्स कार्डांसाठी अलीकडे आलेल्या जोडण्यांशी साध्या संगणकाचा संबंध येत नाही.

कॅबिनेट आणि एसएमपीएस यांचे दर दुकानदाराकडून वेगवेगळे मागावेत. ‘विदाउट एसएमपीएस’ कॅबिनेट घेतले की वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसकडे वळवता येतात. वापरलेला, चार-पाच वर्षे चाललेला एसएमपीएस स्वस्तात मिळत असला तरी त्यातले कपॅसिटर आयुष्याचा मोठा भाग संपवून आलेले असतात, म्हणून तो घेऊ नये. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि ती कंपनीची आहे की दुकानदाराच्या तोंडी भरवशाची, हे विचारावे. तीन वर्षे किंवा अधिक मुदतीची कंपनीची वॉरंटी ही दर्जाची बऱ्यापैकी खूण असते. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना तेच बिल कामी येते.

पैसे अगदीच मोजके असतील तर काटछाट कुठे करावी, हाही प्रश्न उरतो. कॅबिनेट साधे चालेल, कीबोर्ड-माउस साधे चालतील, प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी रोजच्या कामात फारसा फरक जाणवणार नाही. एसएमपीएसवर मात्र दीड-दोन हजार रुपये जास्त ठेवावेत. दर्जेदार एसएमपीएस पुढचा संगणक जुळवतानाही वापरता येऊ शकतो. आणि तो कितीही चांगला असला तरी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून काढून ठेवावी. विजेचा एखादा झटका संरक्षण भेदून गेलाच, तर तारेला न जोडलेली तेवढी एक प्रत तरी शाबूत राहील.